सोप्यात आणा

आक्कांनी आयुष्यात कुणाला 'अहो-जाहो' केलं असेल तर ते फक्त आपल्या म्हशींना. गोठ्यात त्या "बाईसाहेब, जरा सरकता का?" म्हणत, आणि अंगणात येऊन आम्हाला नुसतं "सरक" म्हणत. म्हशी तीन आणि आम्ही भाडेकरूही तीन. त्यामुळे तुलना रोज व्हायची आणि तीत आम्ही रोज हरायचो.

हे सत्तरच्या दशकातलं कोल्हापूर. मंगळवार पेठेत एका तालमीच्या मागे त्यांचं कौलारू घर होतं. पुढे त्यांचं घर, मध्ये अंगण, अंगणाच्या एका अंगाला गोठा आणि मागच्या बाजूला आम्हा तीन बिऱ्हाडांच्या दोन-दोन लहान खोल्या. आक्कांचे मालक कुस्ती खेळायचे म्हणे. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा बिद्रीला साखर कारखान्यात नोकरीला आणि तिकडेच राहायला. घरात आक्का एकट्या, पण आवाज चार माणसांचा.

कोल्हापुरात बायकाही 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं. राहायला आल्याच्या पहिल्या सकाळी "दूध घिऊन आलोय" अशी दणदणीत हाक आली. मी पदर सावरून गवळीबुवांना सामोरी गेले, तर उंबऱ्याबाहेर नऊवारी लुगड्यातल्या आक्का.

"कुठनं आलीस?"

"रत्नागिरीहून."

त्या क्षणापासून माझं नाव 'रत्नांग्री' पडलं. माणूस जिथून आला ते त्याचं नाव, असा त्यांचा सरळ हिशेब. शेजारी बँकेतल्या साहेबांची बायको राहायची, ती 'पुणं'. पलीकडे कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या प्राध्यापकांची बायको, ती 'नागपूर'. आमचे नवरे सरसकट 'पावणं'. सकाळी अंगणातून "पुणं, पातेलं काढ. नागपूर, तुजं कालचं झाकण न्हे," अशी हाक ऐकली की एसटी स्टँडवर उभं असल्यासारखं वाटायचं.

आमच्याबद्दलचं सगळं ज्ञान आक्का दुधावरून काढायच्या. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचं भांडण झालं, कुणाचा उपास आहे, सगळं त्यांना मापावरून कळायचं. मला दिवस गेल्याचं मी सासूला कळवायच्या आधी त्यांनी ओळखलं. "च्या सोडलास न्हवं? दूध उरतंय तुजं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून माप भरून झालं की माझ्या पातेल्यात वर एक धार पडू लागली. त्या धारेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत आणि मीही विचारलं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या आमच्या कुणाच्याही घरात पाय ठेवत नसत. दूध उंबऱ्याबाहेरून, निरोप उंबऱ्याबाहेरून. एकदा आमच्या स्वयंपाकघरात रॉकेलचा स्टोव्ह भडकला. तेव्हा त्या बादलीभर पाणी घेऊन धावत आल्या, उंबऱ्याशी थांबल्या, आणि तिथूनच नेम धरून पाणी फेकलं. स्टोव्ह विझला, भात वाहून गेला. पुणं म्हणाली, "घरमालकीण आहे ना, भाडेकरूच्या घरात शिरणं कमीपणाचं वाटतं." आम्हाला ते पटलं. आक्कांबद्दल कुणीही काहीही वाईट सांगितलं की आम्हाला ते लगेच पटायचं.

आता मुख्य गोष्ट, ती दसऱ्याच्या जेवणाची.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का तिन्ही बिऱ्हाडांना जेवायला बोलवत. आमच्या खोल्यांत आधी राहणाऱ्या बाईंनी चावी हातात देताना मला नळाची वेळ, रॉकेलचं दुकान आणि या जेवणाचा नियम एका दमात सांगितला होता. "प्रत्येकीने घरी केलेला एक पदार्थ न्यायचा. पण सोपा. अवघड नेलेला बाईंना खपत नाही." त्यांना हे त्यांच्या आधीच्या बिऱ्हाडाने सांगितलं होतं. बदलीवाल्यांच्या खोल्या त्या. माणसं जात राहिली आणि नियम राहिला.

मी स्वतःच्या कानांनीही तो ऐकला. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आक्का अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "परवा जेवायला या समदी. आन काय आणायचं आसंल ते सोप्यात आणा."

सोप्यात आणा. म्हणजे थोडक्यात आटपा, फार घाट घालू नका. याहून स्पष्ट काय सांगायचं?

या नियमामागचं कारण मात्र तिन्ही बिऱ्हाडांत वेगवेगळं होतं. पुण्याचं म्हणणं, तांबड्या रश्शापुढे दुसऱ्या कशाचंही नाव निघू नये ही त्यांची इच्छा. आमच्या ह्यांचं म्हणणं, भाडेकरूने आपली पायरी ओळखून राहावं. प्राध्यापकांचं म्हणणं सर्वांत लांब. "श्रम करणाऱ्या समाजाला साधेपणाची ओढ असते," ते म्हणाले. "बाई नकळत एक सौंदर्यविचार मांडताहेत." त्यांनी ते वाक्य वहीत लिहूनही ठेवलं. बोलीभाषेवर त्यांचं एक व्याख्यान होतं, ते कॉलेजच्या गॅदरिंगपासून लायब्ररीच्या वर्धापनदिनापर्यंत कुठेही देत. आक्का त्यांना त्या व्याख्यानाचा जिवंत पुरावा वाटायच्या.

सोपं करणं हे सोपं नव्हतं. कारण पदार्थ तर सोपा हवा, पण शेजारणीपेक्षा चांगला हवा. मग दोन दिवस खपायचं आणि ताटली पुढे करताना म्हणायचं, "काही नाही हो, सहज केलं, पाच मिनिटांत." पुणं या कलेत पोचलेली. पहिल्या वर्षी तिने सुरळीच्या वड्या आणल्या, कागदासारख्या पातळ, वर खोबरं-कोथिंबीर. "येता येता केल्या," म्हणाली. आक्कांनी एक वडी उचलली आणि ती पूर्ण उलगडली. दोन्ही बाजूंनी पाहिली. "आत काय बी न्हाय की," त्या म्हणाल्या. "मग गुंडाळायचा एवडा कुटाणा कशाला केलास?"

आम्ही तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. नियम सिद्ध झाला होता.

दुसऱ्या वर्षी पुण्याने चतुराई केली. नवऱ्याला नृसिंहवाडीला पाठवून तिथली बासुंदी आणवली, आपल्या पातेल्यात ओतली आणि वर चारोळ्या टाकल्या. बासुंदी म्हणजे आटवायचं आणि वाढायचं, सोपंच की. आक्कांनी चमचाभर चाखून विचारलं, "किती दूध आटीवलंस?"

"तीन लिटर."

"कुणाचं?"

पुण्याने पातेल्यावर झाकण ठेवलं. तिच्या घरी रोज एक लिटर दूध जायचं आणि ते आक्काच मोजून घालायच्या. त्या आठवड्यात एकदाही जास्त घेतलेलं नव्हतं.

"वाडीची हाय," आक्का शांतपणे म्हणाल्या. "परसाद म्हून खातो. पर तुला आटवाय येत नसंल तर सांगायचं की, मी शिकवीन."

पुणं आठ दिवस अंगणात आली नाही.

मी आपली पहिल्या वर्षी दहीबुत्ती नेली होती. दहीभाताला इकडे तो शब्द आहे हे नुकतंच शिकले होते आणि मिरवायची हौस होती. आक्कांनी एक घास खाल्ला आणि माझ्या कपाळाला हात लावला. "आजारी हाईस काय गं?" मी नाही म्हटलं तर त्यांना आणखीच वाईट वाटलेलं दिसलं. त्यांनी माझ्या पानात एक पुरणपोळी जास्त वाढली. पुढच्या अमावस्येपासून आमच्याकडे झाकलेलं ताट येऊ लागलं. भरलं वांगं, भाकरी, झुणका, कधी आख्खा मसूर. तशीच ताटं पुण्याला आणि नागपूरलाही जायची. आम्ही ती खायचो, बोटं चाटायचो आणि म्हणायचो, "मोठेपणा दाखवायची हौस आहे बाईंना."

एक गोष्ट त्यांच्या बाजूने सांगायला हवी. आम्ही तिन्ही बिऱ्हाडं मटण न खाणारी. दसऱ्याच्या जेवणादिवशी आक्कांच्या चुलीवर भावकीसाठी तांबडा-पांढरा रस्सा रटरटायचा, पण आमची पुरणपोळी आणि येळवण्याची, म्हणजे कटाची, आमटी त्या गोठ्यापलीकडे वेगळी चूल मांडून, वेगळ्या भांड्यांत करायच्या. भावकीची पंगत मागच्या अंगणात आणि आमची पुढे, दर्शनी भागात. तिथे लाकडी खांब, गुळगुळीत शहाबादी फरशी, एका बाजूला मोरी आणि मोरीत चक्क स्वतंत्र नळ. त्या जागेला आम्ही 'हॉल' म्हणायचो. आम्ही म्हणतो म्हणून आक्काही आमच्यापुढे 'हाल' म्हणायच्या. "या, हालात बसा," असं त्यांनी म्हटलं की प्राध्यापक मिशीत हसायचे.

तिसऱ्या वर्षी दसऱ्याला मला सातवा महिना होता. बाळंतपणाला रत्नागिरीला जायचं तर घाटातून एसटीचा प्रवास, आणि डॉक्टरीणबाईंनी तो साफ नाही म्हणून सांगितलं. आई इकडे येणार होती. पण येऊन राहणार कुठे? बाहेरच्या खोलीत ह्यांची खाट टाकली की दार उघडेना, आणि आतल्या खोलीत चूल, मोरी, पिंप, मी. बाळाचा पाळणा टांगायचा तर तो आमटीच्या पातेल्यावर झुलला असता. रात्रंदिवस माझ्या डोळ्यांपुढे एकच जागा यायची, तो हॉल. तो रिकामाच तर असायचा. दोन-तीन महिने मिळाला तर आईची आणि बाळाची सोय होणार होती. न मिळाला तर आईला 'येऊ नकोस' असं पत्र लिहायचं होतं, आणि ते माझ्याच्याने लिहवत नव्हतं.

पण मागायचा कसा? ज्या बाईला सुरळीची वडी खपत नाही ती हॉल देईल? प्राध्यापक म्हणाले, "थेट मागू नका. आधी त्यांची रसना जिंका."

"पण नियम?"

"नियम मोडूनच माणूस जिंकता येतो," ते म्हणाले. त्यांनी हेही वहीत लिहिलं असावं.

मग मी ठरवलं, यंदा सोपं नाही. आमच्याकडची खापरोळी करायची. तांदूळ-उडीद भिजत घालून पाट्यावर वाटायचे, पीठ आंबवायचं, जाळीदार खापरोळ्या घालायच्या आणि नारळाचं दूध काढून गुळाच्या रसात त्या बुडवायच्या. वेळ खाणारं, हात भरून आणणारं काम. पण माझ्या आईच्या हातची खापरोळी खाऊन आमच्याकडचा मामलेदार विरघळला होता, तिथे आक्का काय.

दसऱ्याला चार दिवस राहिले असतील. आक्का धार काढत होत्या, मी पातेलं घेऊन उभी. म्हशीच्या पोटाला डोकं टेकवूनच त्यांनी विचारलं, "आई कवा येनार तुजी?"

"दिवाळीच्या आधी."

"मग सोप्याचं काय ठरीवलंस?"

त्यांना माझ्या पदार्थाची पाच दिवस आधीपासून काळजी. मला रागच आला. म्हटलं, आता मागे हटायचं नाही. "यंदा सोपा नको, आक्का."

धारेचा आवाज थांबला. "सोपा नगं?"

"नको. अवघडच करायचं ठरवलंय मी."

"अवघडलेल्या बाईनं अवघड कशाला करावं गं?" त्यांनी म्हशीच्या पोटावरून डोकं उचललं होतं. "आईची तरी सोय बगायची."

"आई आली की तीही हेच म्हणेल. आमच्याकडे कुणालाच सोपा आवडत नाही."

आक्का उठल्या. माप माझ्या पातेल्यात ओतलं. "तुजी मर्जी," म्हणाल्या. त्या दिवशी वरची धार पडली नाही.

मी घरी येऊन ह्यांना सांगितलं, "नुसतं ऐकूनच चेहरा पडला बाईंचा. खाल्ल्यावर बघा."

दसऱ्याच्या दिवशी बिद्रीहून कडब्याची गाडी आली. पेंढ्या अंगणात उतरवून घेताना आक्का गाडीवानाला म्हणाल्या, "उद्या जेवणं उरकली की आत भरू." मला त्याच्याशी काय देणंघेणं? मी वरवंट्याशी झगडत होते. सातव्या महिन्यात पाट्यापुढे बसता येत नाही, मी एका कुशीवर रेलून वाटत होते. कमरेत कळ आली की थांबायचे, आईला लिहावं लागेल ते पत्र आठवायचे आणि पुन्हा वाटायचे.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे हॉलमध्ये पानांवर बसलो. पुण्याने काकडीची कोशिंबीर आणली होती, बासुंदीनंतर त्याच्या वर जायची तिची हिंमत नव्हती. नागपूरने केळ्याचं शिकरण. मी खापरोळ्यांचं पातेलं पुढे केलं.

आक्कांनी एक खाल्ली. मग दुसरी. तिसरी वाटीत घेऊन रस ओरपला.

"किती येळ लागला?"

तोंडात बसलेलं वाक्य आपोआप बाहेर आलं. "काही नाही हो, सहज..."

आक्कांनी माझा हात धरला आणि तळवा उलटा केला. बोटांची कातडी सोलवटली होती. "दोन दीस वरवंटा ऐकतोय मी," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलतीस?"

मला रडूच फुटलं. ठरवलेली गोड वाक्यं सगळी विसरले. "आक्का, आईला ठेवायला जागा नाही हो. तुमचा हा हॉल दोन महिने द्याल का?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मी हून इचारलं तवा सोपा नगं म्हनलीस. आमच्यात कुणाला सोपा आवडत न्हाय म्हनलीस. आन आता हाल पायजे?"

"सोपा..." मी डोळे पुसत म्हटलं. "सोपा म्हणजे, पदार्थ ना?"

"पदार्थ?" आक्कांनी फरशीवर हात आपटला. "ह्यो सोपा. ज्यात बसून जेवाय लागलाईसा त्यो."

पलीकडून भावकीच्या पंगतीतून हाडं फोडल्याचा आवाज येत होता. मग पुणं अगदी बारीक आवाजात म्हणाली, "म्हणजे 'सोप्यात आणा' म्हणजे..."

"हितं आणा. आत चुलीकडं मटण आसतंय. तुमचं भांडं तकडं आलं, कुणाचा हात लागला, तर तुमास्नी चालायचं न्हाय. म्हून सोप्यात आणा म्हनतो की. तुमाला काय वाटलं?"

आम्हाला काय वाटलं ते शेवटी नागपूरने सांगितलं. ती बिचारी साधी, तिने सगळंच सांगितलं. आधीच्या बिऱ्हाडांचा नियम, सुरळीची वडी, पाच मिनिटं, सगळं. प्राध्यापक "हा शब्द माझ्या वाचनात आला होता," असं पुटपुटले आणि पुरणपोळीकडे बघत बसले. शिक्षण घेतलेली सहा माणसं, त्यांतला एक मराठीचा प्राध्यापक, आणि ज्या जागेत बसून जेवत होतो तिचं नाव एकालाही ठाऊक नव्हतं. मला अजून त्याची लाज वाटते.

मला वाटलं, आक्का हसतील. त्या हसल्या नाहीत.

"म्हंजे मी मानसं जेवाय बोलीवतो आन वर सांगतो, सोपंच आणा, जास्त करू नगा," त्या म्हणाल्या. "आसली बाई वाटलो मी तुमाला?" मग त्यांनी एकेकीकडे पाहिलं. "मला वाटायचं, शिकलेल्या पोरी, सैपाक येत न्हाय बिचाऱ्यांस्नी. दहीभात, शिकरण, काकडी, आसलंच कायतरी आणत्यात. म्हून मी ताटं धाडायचो. पुणं, येतो तुला सैपाक?"

"येतो," पुणं म्हणाली.

"नागपूर?"

"येतो."

"येतो न्हवं? मग एकीच्या बी तोंडातनं कदी 'आक्का, आमच्यात जेवाय या' आलं न्हाय, ते का?"

तीन वर्षं मी त्यांच्या उंबऱ्याबाहेर उभं राहण्याचे अर्थ लावत होते, आणि अर्थ एवढाच होता की त्यांना कुणी आत ये म्हटलं नव्हतं. बोलावल्याशिवाय त्या कुणाच्या घरात जात नसत, मग ते घर त्यांच्या मालकीचं का असेना. आक्का उठून आत गेल्या. आम्ही येळवण्याची आमटी खाली मान घालून संपवली. ती उत्कृष्ट झाली होती, पण हे सांगायला समोर कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात भरायचा म्हणून अंगणात ठेवलेला कडबा दोन गडी उचलून गोठ्याच्या मागे रचत होते. वर ताडपत्री. सोपा धुऊन काढलेला होता. आमच्या दाराच्या कडीला सुतळीने किल्ली बांधलेली. त्याबरोबर निरोप नाही, शब्द नाही. दूध यायचं ते मापाने, काटेकोर. ताटं बंद झाली, कारण आता आम्हाला स्वयंपाक येतो हे कळलं होतं. मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा त्या म्हशीला म्हणाल्या, "बाईसाहेब, चला आता," आणि निघून गेल्या.

आई आली. सोप्यात तिचं अंथरूण, सोप्यात पाळण्याची दोरी. माझं बाळंतपण अवघड गेलं, दवाखान्यात दोन रात्री. पण मुलगी झाली आणि मुलीला घेऊन मी सोप्यात आले. त्या सकाळी पातेल्यात मापाच्या वर एक धार पडली. मी वर पाहिलं.

"ती पोरीची हाय," आक्का म्हणाल्या. "तुजी न्हाय."

बाराव्या दिवशी बारसं. आदल्या संध्याकाळी मी बाळाला आईकडे दिलं आणि गोठ्यापाशी जाऊन उभी राहिले. हॉल मिळाला होता, आई आली होती, मुलगी चांगली होती, तरी या बाईने नाही म्हटलं असतं तर मला ते सगळं उष्टं वाटलं असतं.

"आक्का, उद्या बारसं आहे. आमच्याकडे जेवायला या."

"कुटं?"

"सोप्यात."

हा शब्द मी पहिल्यांदाच बरोबर वापरत होते. आक्का म्हशीची पाठ खाजवत राहिल्या. "बगू," एवढंच म्हणाल्या.

आईने आणि मी पुरणाचा घाट घातला. पुण्याने बासुंदी आणली, ह्या वेळी खरोखर आटवलेली. तीन लिटर दूध तिने आक्कांकडूनच मागून घेतलं होतं. नागपूरने वडाभात केला होता. कुणीही "सहज" म्हणालं नाही. पानं मांडून झाली, अर्धा तास गेला, एक पान रिकामंच. प्राध्यापक घड्याळ बघू लागले.

तेवढ्यात रस्त्याकडचं दार वाजलं. आतल्या बाजूने, स्वतःच्या माजघरातून दोन पावलं टाकली असती तर आक्का सोप्यात आल्या असत्या. त्या मागच्या दाराने बाहेर पडून, गल्लीला वळसा घालून पाहुण्यांच्या दाराने आल्या होत्या. अंगावर इरकली लुगडं, हातात क्रोशाच्या रुमालाने झाकलेलं वाडगं.

"येऊ काय आत?"

मी पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्यांनी उंबरा ओलांडला, आपल्याच खांबांकडे नवख्या माणसासारखं पाहिलं आणि दाखवलेल्या पानावर बसल्या. वाडगं माझ्याकडे दिलं. रुमाल काढला तर आत काकडीची कोशिंबीर. म्हणजे नाव तेच द्यायचं. काकडी कोचवलेली नव्हती, म्हशीपुढे टाकायला वैरण तोडावी तशी तोडलेली. दह्याला पाणी सुटलेलं, शेंगदाणे अख्खेच्या अख्खे, आणि हिरवी मिरची इतकी की प्राध्यापकांनी पहिला घास घेतला आणि ते पाणी प्यायला उठले. पन्नास माणसांचा तांबडा रस्सा न मोजता करणाऱ्या बाईला वाटीभर काकडी साधली नव्हती.

मी मुद्दाम विचारलं, "आक्का, किती वेळ लागला?"

पुणं, नागपूर, आई, सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. आक्कांनी पाळण्यातल्या मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज एका माणसाएवढा झाला होता.

"सकाळधरनं करतोय," त्या म्हणाल्या. "सोपं करायला लई अवघड जातंय बग."